कामाचा ताण, संप्रेरके आणि सांधे : बेल्लमपल्लीच्या कोळसापट्ट्यातून एक आढावा

पाठ धरली, मान आखडली किंवा गुडघे कुरकुरू लागले की त्याचे कारण आपण वयात, वजनात किंवा उचललेल्या ओझ्यात शोधतो. ही कारणे खोटी नसतात, पण पुरेशीही नसतात. एकाच वयाचे, एकाच बांध्याचे आणि एकच काम करणारे दोन कामगार दहा वर्षांनी सारख्याच प्रकृतीचे राहत नाहीत. एकाची पाठ टिकते, दुसऱ्याची जाते. या फरकाचा काही भाग झोपेत, कामाच्या पाळीत, नोकरीच्या धास्तीत आणि आपल्या कामावर आपला किती अधिकार आहे यात दडलेला असतो. हा भार मनापासून स्नायूंपर्यंत आणि हाडांपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने मज्जासंस्था आणि संप्रेरके यांच्या वाटेने.

हा विषय समजून घेण्यासाठी तेलंगणातील बेल्लमपल्लीसारखे खाणगाव उपयोगी ठरते. गोव्याला खाणी नव्या नाहीत. मात्र आपल्याकडील लोहखनिजाच्या खाणी उघड्या आहेत, तर बेल्लमपल्लीची ओळख जमिनीखालच्या कोळशाने घडली. शारीरिक श्रम, पाळ्यांचे वेळापत्रक आणि उद्याची चिंता हे तिन्ही भार तिथे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. त्यामुळे कार्यालयात किंवा दुकानात विखुरलेल्या रूपात दिसणारा प्रश्न खाणगावात सलग दिसतो.

बेल्लमपल्ली आणि सिंगरेणी

बल्लारशाहून काझीपेठच्या दिशेने दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यानंतर बेल्लमपल्ली लागते. हे शहर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०१६ मधील जिल्हा पुनर्रचनेनंतर ते मंचिर्याल जिल्ह्यात गेले. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा आणि नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट हे भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानाच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. चंद्रपूर परिसरातील वर्धा खोऱ्याचा कोळसापट्टा आणि तेलंगणातील गोदावरी खोऱ्याचा कोळसापट्टा हे भूशास्त्रीयदृष्ट्याही एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ मध्ये येल्लंदू परिसरात कोळसा आढळला. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने खाणकामाचे हक्क मिळवले. २३ डिसेंबर १९२० रोजी सिंगरेणी कॉलियरीज कंपनी अस्तित्वात आली आणि १९४५ मध्ये तिची मालकी हैदराबाद संस्थानाकडे गेली. आज तिच्यात तेलंगण सरकारचा ५१ टक्के आणि केंद्र सरकारचा ४९ टक्के वाटा आहे. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर ही नावे या कंपनीच्या इतिहासाशी घट्ट जोडलेली आहेत.

भूमिगत खाणीतील जुना कामगार कोळसा फोडून टोपल्यांनी टबमध्ये भरत असे. वाकून, गुडघ्यावर बसून, उतारावरून चालत, दमट उष्म्यात आणि टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात हे काम चाले. पुढे कोळसा भरणारी यंत्रे आली, उघड्या खाणी वाढल्या आणि टोपलीची जागा अवजड डंपरने घेतली. कामाचे रूप बदलले, तसे भाराचेही बदलले. डंपरच्या आसनावर बसलेल्या चालकाला काही उचलावे लागत नाही. पण यंत्राची कंपने दिवसभर त्याच्या कण्यात उतरत राहतात. उभ्या दिशेने येणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या पट्ट्यातील कंपने माणसाच्या धडाला सर्वांत अधिक बाधतात, असे आंतरराष्ट्रीय मानकांतही गृहीत धरले आहे. हा झाला यांत्रिक भार. तो डोळ्यांना दिसतो. उरलेले दोन भार दिसत नाहीत. ते समजण्यासाठी शरीरातील ताणयंत्रणा पाहावी लागते.

ताण म्हणजे शरीरात नेमके काय घडते?

संकटाची चाहूल लागताच प्राणी एकतर झुंजतो किंवा पळतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात या प्रतिक्रियेचे शरीरशास्त्र मांडले. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांच्या गाभ्यातून अॅड्रिनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते आणि ते आवळले जातात. हे सारे काही सेकंदांत होते.

दुसरी साखळी जरा सावकाश चालते. मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य थराला जागे करते आणि त्यातून कॉर्टिसॉल रक्तात येते. कॉर्टिसॉलचे मुख्य काम म्हणजे शरीराला तातडीची शिधा पुरवणे. यकृतात साखर तयार व्हावी म्हणून ते स्नायूंतील प्रथिनांचे विघटन घडवते, आणि त्या घटकेला निकड नसलेली दुरुस्तीची, वाढीची व प्रजननाची कामे मागे टाकते.

माँट्रियलमध्ये काम करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा वेगवेगळ्या आघातांना तोंड देणाऱ्या उंदरांत त्यांना एकसारखेच बदल आढळले : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आकसलेल्या आणि जठरात व्रण. ताणाच्या आधुनिक अभ्यासाची ही सुरुवात मानली जाते. तिचा मथितार्थ असा की ही यंत्रणा अल्पकाळासाठी बनलेली आहे. संकट टळले की तिने शांत व्हावे आणि मागे पडलेली दुरुस्ती शरीराने पुरी करावी, अशी तिची रचना आहे. विसावा मिळालाच नाही, तर जी ठेव अडीअडचणीला मोडायची ती रोज मोडली जाते.

दिवसाचे घड्याळ आणि रात्रपाळी

कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. पहाटेपासून त्याची पातळी चढू लागते, जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात ती शिखर गाठते, पुढे दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यांत वाढ संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. प्रौढ वयात त्याचा उपयोग ऊतींच्या डागडुजीसाठी होतो. या अंतर्गत घड्याळाची रेणवीय रचना उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोळसा खाण चोवीस तास चालते. कामगार तीन पाळ्यांत विभागले जातात. रात्रपाळी करणाऱ्याला ज्या वेळी शरीर दुरुस्तीची तयारी करते त्याच वेळी जोर लावावा लागतो, आणि दिवसा झोपायला जावे तर पत्र्याच्या घरातला उष्मा, शेजारचा गलबला व घरची कामे झोप तोडतात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर घड्याळ कोणत्याच वेळेशी जुळत नाही.

या तुटलेल्या झोपेची किंमत मोजणारे काही प्रयोग बोलके आहेत. शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना सुमारे आठवडाभर रोज केवळ पाच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्यातील टेस्टोस्टेरॉनची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या एका अभ्यासात तेरा तरुण स्त्री-पुरुषांना एक संपूर्ण रात्र जागवले. त्यानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी कमी, कॉर्टिसॉल २१ टक्क्यांनी अधिक आणि टेस्टोस्टेरॉन २४ टक्क्यांनी कमी आढळले. हे प्रयोग लहान आहेत आणि प्रयोगशाळेतले जागरण म्हणजे खाणीतली रात्रपाळी नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे : झोप तुटली की शरीर घडणीकडून मोडणीकडे झुकते.

स्नायू : विसावा न मिळालेला चाकर

ताणात स्नायू आवळलेले राहतात, विशेषतः मान, खांदे, जबडा आणि कंबर यांचे. ओझे उचलणाऱ्या स्नायूला ओझे ठेवल्यावर सैल होता येते. मनातला ताण मात्र तो सैल होऊ देत नाही. स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये यासंबंधी एक कल्पना मांडली आणि तिला सिंड्रेलाचे नाव दिले. परीकथेतली ही मुलगी घरात सर्वांआधी उठते आणि सर्वांनंतर झोपते. स्नायूतील काही बारीक तंतूंचे तसेच असते. थोडासा ताण आला की ते सर्वांत आधी कामाला लागतात आणि पूर्ण विश्रांती मिळेपर्यंत सुटत नाहीत. जोर फारसा न लावताही दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याची मान का दुखते, याचा उलगडा या कल्पनेतून बऱ्याच अंशी होतो.

त्यात संप्रेरकांची भर पडते. दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसॉल स्नायूंची झीज वाढवते, घटलेले टेस्टोस्टेरॉन भरपाई मंदावते आणि इन्शुलिनचा प्रभाव क्षीण झाला की स्नायूंना इंधन नीट मिळत नाही. थकलेला स्नायू सांध्याला पुरेसा आधार देत नाही आणि त्याच्या वाट्याचा भार अस्थिबंध, कूर्चा व मणक्यांमधील चकत्यांवर जातो. म्हणून स्नायूचे दुखणे पुष्कळदा सांध्याच्या दुखण्याची पूर्वसूचना ठरते.

हाडे, चकत्या आणि सांधे

हाड ही निर्जीव चौकट नाही. जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या पेशींचे काम तिच्यात आयुष्यभर चालू असते. कॉर्टिसॉल फार वाढल्यास रचणाऱ्या पेशी मंदावतात आणि आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण घटते. याचा टोकाचा नमुना कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात दिसतो. त्यात कॉर्टिसॉल बेसुमार वाढते, मांड्या-दंडांचे स्नायू इतके दुबळे होतात की खुर्चीतून उठणे जड जाते, आणि हाडे ठिसूळ होतात. नोकरीतील ताणामुळे कॉर्टिसॉल या पातळीला जात नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवे. ताणाचा परिणाम सौम्य असतो. पण तो वर्षानुवर्षे चालतो आणि अपुरी झोप, धूम्रपान, मद्य, निकृष्ट आहार यांच्या सोबतीने चालतो. भूमिगत कामगाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. ऊन कमी मिळाल्यास ड जीवनसत्त्व घटते, आणि त्याच्या तीव्र कमतरतेत हाडे दुखतात व स्नायूंतील जोर जातो.

मणक्यांमधील चकत्यांना आणि सांध्यांतील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण दाब पडणे आणि सुटणे या क्रियेतून होते. दिवसभर उभे राहून चकत्यांतील पाणी पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत भरते. म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्का अधिक भरते. पुरेशी झोप न मिळणाऱ्या कामगाराच्या पाठीला हा भरपाईचा वेळही कमी मिळतो.

एकाच संप्रेरकाची दोन रूपे

इथे वाचकाला एक विसंगती जाणवेल. कॉर्टिसॉल सांध्यांना अपायकारक असेल, तर डॉक्टर सांध्यांच्या आजारावर त्याच जातीची स्टेरॉइड औषधे का देतात? अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८-४९ मध्ये आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. त्यांना एडवर्ड केंडॉल आणि तादेउश राइखश्टाइन यांच्यासह १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसॉल दाह शमवते, हे खरे आहे. परंतु ताण दीर्घकाळ टिकला की पेशी त्याच्या आदेशाला दाद देईनाशा होतात. रक्तात संप्रेरक असते, पण दाहाला लगाम बसत नाही, आणि वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. पूर्वी सहज सोसलेला भार मग दुखू लागतो.

हेंच यांच्या रुग्णांनाच पुढे दुष्परिणामांचाही अनुभव आला, आणि हा धडा आपल्याकडे आजही महत्त्वाचा आहे. खाणगाव असो वा शेतीचे गाव, हाडवैदू किंवा पदवी नसलेले ‘डॉक्टर’ गुडघेदुखीवर एक पुडी देतात आणि दोन दिवसांत माणूस तरतरीत होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे देशभर वारंवार आढळले आहे. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून ती पुडी महिनोन्महिने घेतली जाते. चेहरा गोल होतो, रक्तदाब व साखर वाढते, हाडे पोकळ होतात. त्याहून घातक म्हणजे शरीराच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात. त्यामुळे पुडी एकाएकी बंद केल्यास जीवही धोक्यात येऊ शकतो. असे औषध घेत असल्याची शंका असल्यास ते परस्पर थांबवू नये. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

स्त्री कामगार

दीर्घ ताणात प्रजननाशी संबंधित संप्रेरकांचा मेंदूतून येणारा इशारा मंदावतो. स्त्रियांत त्याचा परिणाम मासिक चक्रावर दिसतो. ते अनियमित होते किंवा काही काळ थांबते, आणि इस्ट्रोजेन घटल्याने हाडांचे संरक्षणही कमी होते. रजोनिवृत्तीच्या सुमारास हे संरक्षण तसेही ओसरत असते. जानेवारी २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने स्त्रियांना भूमिगत खाणींत तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामे दिवसा करण्याची, तर उघड्या खाणींत लेखी संमतीने रात्रीही काम करण्याची मुभा दिली. संधीचे दार उघडले हे योग्यच झाले. मात्र पाळी संपवून घरी येणाऱ्या स्त्रीची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते, याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर नसतो. विसाव्याची वेळ मोजताना हा हिशेब धरावाच लागेल.

काम किती, यापेक्षा कामावर अधिकार किती

सर्वच जड काम ताण देत नाही. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सर्वांत घातक ठरते ती मागणी मोठी आणि अधिकार लहान अशी नोकरी. योहान्नेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली : श्रम पुष्कळ आणि त्या मानाने मोबदला, मान व शाश्वती अल्प. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोइंग विमान कारखान्यातील ३,०२० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नव्हते त्यांच्याकडून पाठीच्या इजेची नोंद इतरांच्या सुमारे अडीचपट झाली होती. याचा अर्थ त्यांची पाठ खोटी दुखत होती असा नव्हे. वेदना जाणवणे, ती असह्य होणे आणि ती सांगण्याची वेळ येणे या तिन्हींत मनाचा वाटा असतो.

बेल्लमपल्लीच्या परिसरातील अनेक जुन्या भूमिगत खाणी कालांतराने बंद झाल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी सिंगरेणीत एक लाखाहून अधिक कामगार होते. आज ही संख्या सुमारे चाळीस हजारांच्या घरात आहे. खाण बंद झाली की कामगाराची बदली दूरच्या क्षेत्रात होते, आणि खाणीभोवती वाढलेल्या बाजारपेठेचे भवितव्यही डळमळते. वैद्यकीयदृष्ट्या कामास अपात्र ठरलेल्या कामगाराच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देण्याची तरतूद तिथे आहे. खाणीत खचलेल्या माणसाच्या कुटुंबाला ती मोठा आधार देते. पण तिच्यामुळे बापाच्या पाठीचा क्ष-किरण आणि मुलाची नोकरी एका धाग्यात बांधली जातात. दुखणे लपवावे की दाखवावे, हा निर्णय मग केवळ प्रकृतीचा राहत नाही. नोकरीची धास्ती शरीरात कशी शिरते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

गोव्यानेही ही धास्ती अनुभवली आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये येथील खाणी थांबल्या. त्या वेळी ट्रकमालक, बार्जवरील कामगार आणि खाणपट्ट्यातील लहान दुकानदार यांना कर्जाचे हप्ते आणि उद्याची अनिश्चितता एकदमच सोसावी लागली. आज वेर्ण्यातील औषध कारखाने, मांडवीतील कॅसिनो, किनारपट्टीवरील हॉटेले यांत हजारो तरुण पाळ्यांत काम करतात. टोपली आणि डंपर त्यांच्या वाट्याला नाहीत. तुटलेली झोप आणि कंत्राटी नोकरी मात्र आहे.

कायद्याने ओळखलेला आणि न ओळखलेला भार

विसाव्याची मागणी आपल्याकडे जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. १९५२ च्या खाण अधिनियमाने भूमिगत कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या तरतुदी केवळ दयाबुद्धीच्या नव्हत्या. शरीराला दुरुस्तीसाठी लागणारा वेळ त्यांनी कायद्यात लिहिला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानेही तेच अधोरेखित केले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक आढळला.

मात्र एक उणीव राहिली. खाण अधिनियमाखाली अधिसूचित झालेल्या व्यावसायिक रोगांत धुळीमुळे होणारे फुप्फुसांचे विकार आहेत, आवाजामुळे येणारे बहिरेपण आहे. कंबर, गुडघे आणि मणके नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत स्नायू व सांध्यांचे विकार तसेच मानसिक विकार यांचा समावेश आहे. जर्मनीने १९९३ मध्ये जड ओझी आणि कंपने यांमुळे होणारे कमरेच्या मणक्यांचे विकार व्यवसायजन्य म्हणून मान्य केले. यादीत नसलेल्या दुखण्याची नोंद होत नाही, नोंद नसल्याने भरपाई नाही, आणि भरपाई नसल्याने प्रतिबंधावर खर्च करण्याची निकडही कोणाला भासत नाही.

काय करता येईल?

पाळ्या आखताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला अधिक मानवतो. दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर, वेळापत्रकाची आगाऊ कल्पना आणि कामाची पद्धत ठरवताना कामगाराचे मत, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. डंपर आणि ट्रकची आसने व रस्ते सुस्थितीत ठेवल्यास कंपने बरीच घटतात.

रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत ठराविक वेळी झोपावे आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी. दुखऱ्या पाठीला दीर्घ अंथरूण हितकारक नसते. हालचाल, चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायू बळकट करणारे व्यायाम उपयोगी पडतात. जेवणात डाळी, मासे, अंडी, दूध यांतून पुरेशी प्रथिने असावीत. कॉर्टिसॉल ‘उतरवणाऱ्या’ चूर्णांच्या जाहिरातींना भुलू नये. नोकरीतील ताण मोजण्यासाठी रक्तातील कॉर्टिसॉलची एक चाचणी निरुपयोगी असते, कारण तासागणिक ती पातळी बदलते.

काही लक्षणांत मात्र विलंब नको. पायात वाढता अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, मलमूत्रावरील नियंत्रण सुटणे, दुखण्यासोबत ताप किंवा वजनातील घट, रात्री झोपमोड करणारी वेदना, सांधे सुजून सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास ते ताणाच्या खात्यावर न टाकता तातडीने तपासून घ्यावे. डॉक्टरांनीही कंबरदुखीच्या रुग्णाला ‘किती वजन उचलता?’ याबरोबर ‘कोणती पाळी करता, किती झोपता, नोकरी कायम आहे का?’ असे विचारले, तर निदानाच्या चिठ्ठीवर निम्मी राहणारी हकिकत पुरी होईल.

सन २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. दुखण्यामुळे अपंगत्व येण्याचे ते जगातील सर्वांत मोठे कारण आहे. ओझे कमी करणारी यंत्रे बेल्लमपल्लीला आली, गोव्यालाही आली. झोप, शाश्वती आणि विसावा यांची व्यवस्था मात्र कोणत्याही यंत्राने होत नाही. ती पाळीपत्रकात, करारात आणि कायद्यात माणसांनाच लिहावी लागते.